शालीखालचा भाव

चहा येतोय तोवर सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही. आख्ख्या बाजाराचा भाव एकट्याने पाडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? व्यापारी नाही, पुढारी नाही, दलालसुद्धा नाही. पाहून घ्या मग, तुमच्यासमोरच बसलाय. त्याच्या चहात साखर कमी टाकायला सांगा.

मी अर्थशास्त्र शिकवतो, बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या कॉलेजात. गावाचं नाव सांगत नाही. गावानेच माझं नाव गेल्या काही वर्षांत भरपूर घेतलंय.

माझा जीव की प्राण असलेला विषय एकच: संगनमत. म्हणजे व्यापारी आपसात ठरवून भाव कसे पाडतात, कसे चढवतात, आणि ते पकडायचं कसं. हा धडा मी इतक्या पोटतिडकीने शिकवतो की मागच्या बाकावरची झोपलेली मुलंसुद्धा दचकून उठतात. आमच्या सौ. म्हणतात, "तुम्हाला स्टँडवरच्या दोन रसवंत्यांमध्येसुद्धा कट दिसतो." दिसणारच! दोघांचेही ग्लास एकाच मापाचे कसे असतात?

तर झालं असं, की विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची स्पर्धा जाहीर केली. मी लगेच गाईड झालो. माझ्या गटात तीन मुली. त्यातली पुढे येणारी आश्विनी गोफणे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. वडील मारुतीतात्या शेळ्या-मेंढ्या राखणारे. पोरगी बोलायला कमी, पण विचारते ते थेट वर्मावर. बाकीच्या दोघी बिचाऱ्या माझं सगळं ऐकायच्या, म्हणून या किश्श्यात त्यांना काही काम नाही.

"सर," आश्विनी म्हणाली, "आपल्या शुक्रवारच्या शेळीबाजारावर करायचा का प्रोजेक्ट?"

मी खुर्चीतून उठलोच. कारण आमच्या शेळीबाजारात सौदा कसा होतो, माहीत आहे ना? हत्त्यावर! विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून उपरणं टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडाने चकार शब्द नाही. बघणाऱ्याला फक्त उपरणं हलताना दिसतं आणि दोन माणसं आभाळाकडे बघत असल्याचं दिसतं. जमलं तर मान हलते, नाहीतर पुढचा व्यापारी येऊन उपरण्यात हात घालतो. कुणी कितीला घेतलं हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

"लपवाछपवी!" मी ओरडलो. "जिथे भाव लपवतात तिथे संगनमत असणारच. लिहून घ्या."

दोघींनी लिहून घेतलं. आश्विनीने नाही घेतलं.

"सर, तुमाला हत्ता शिकवू का? सोपा हाय. तात्याकडनं मी शिकले."

"मला कशाला? गुन्हेगारांची भाषा शिकायला मी काय फौजदार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. माझ्या तर जन्मभर लक्षात राहणार आहे.

पहिले चार शुक्रवार मुलींनी माहिती गोळा केली. बाजारात कुणी कुणाला भाव सांगत नाही, पण मारुतीतात्याची लेक विचारते म्हटल्यावर मेंढपाळांनी हळूच कानात सांगितलं. आकडे आले. बघतो तर काय, सारख्याच वजनाच्या बोकडाला कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला भलतंच जास्त!

"बघा!" मी म्हणालो. "एकसारखा माल आणि भाव वेगवेगळे. ही लूट आहे."

आश्विनीने वही चाळली. "पर सर, तुमीच शिकवलंय की भाव सारखे दिसले का संशय घ्यायचा. हितं तर सगळे येगळे हायत. म्हंजी व्यापारी एकमेकाच्या वरचढ भाव देतेत, असंच ना?"

आता सांगा, बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला त्याचंच वाक्य कुणी परत ऐकवलं तर तो काय म्हणेल?

"ते पुस्तकातलं झालं," मी म्हणालो. "हे फील्ड आहे."

मग माझ्या डोक्यात ती सुपीक कल्पना आली. कॉलेजच्या अडगळीतून एक जुना फळा काढला. त्याच्या कोपऱ्यात कुठल्यातरी वर्गाची हजेरी अजून तशीच होती. तो नेऊन बाजाराच्या तोंडाशी लिंबाला टेकवला आणि मुलींना म्हणालो, आता प्रत्येक सौदा इथे खडूने लिहायचा. कुठला माल, किती भाव, आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव. अर्धवट पारदर्शकता मला चालत नाही!

"सर, मग ते व्यापाऱ्यालाबी दिसंल की," आश्विनी म्हणाली.

"दिसू दे! माहिती वाढली की स्पर्धा वाढते."

"आन तात्याचे वीस बोकड हायत, पुढच्या महिन्यात काढायचे. त्याच्यावरच माझं एम.ए. ठरलंय. चांगले गेले तर संभाजीनगरला जा मनलेत. न्हाईतर बघू पुढल्या साली."

आमच्याकडे मुलीच्या बाबतीत 'बघू पुढल्या साली' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मांडवाचीच तयारी ती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आश्विनी, हा फळा तुला एम.ए.ला पाठवणार!"

फळा लागला आणि पहिल्याच शुक्रवारी व्यापाऱ्यांची ही गर्दी! माझा ऊर भरून आला. शेळ्यांकडे कुणी बघेना, सगळे फळ्याकडे. व्यापाऱ्यांमधला बडा माणूस म्हणजे बबनशेठ. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्याने मला बळंच हाताला धरून चहा पाजला.

"सर, लई पुण्याचं काम केलं बगा. आमाला तं कळतच नव्हतं कोन काय भावानं घेतंय ते. लई आंधारात होतो आमी!"

बघा, माणूस कसा सुधारतो! असं मी सौ.ला घरी जाऊन सांगितलं. सौ. म्हणाल्या, "व्यापाऱ्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला? जरा जपून राहा." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी भाव जवळजवळ आले. तिसऱ्या शुक्रवारी एकदम सारखे झाले, रूळ लावून ओढल्यासारखे सरळ. मी मुलींना पेढे वाटले. "भाव स्थिर झाले! शिस्त आली बाजाराला!" आश्विनीने पेढा हातातच धरला आणि म्हणाली, "सर, खालच्या भावाला स्थिर झालेत."

पण तेव्हा तिचं ऐकायला मला वेळ कुठे होता? सरपंच आण्णांना फळा इतका आवडला की त्यांनी ग्रामपंचायतीकडून लोखंडी बोर्डच करून घेतला. डाव्या बाजूला 'आजचा भाव', त्याखाली काळा पट्टा खडूने लिहायला, आणि खाली ऑइलपेंटने, लांबून दिसेल असं: 'संकल्पना : मा. प्रा. जोगदंड सर'. उद्घाटन झालं, नारळ फुटला, मला शाल पांघरली. लालभडक, काठाला जर. बोर्ड लिहायचं काम ग्रामपंचायतीचे शिपाई दगडूमामा यांच्याकडे गेलं; सौदा झाला की भाव त्यांना सांगायचा, असा नियमच झाला. वर्तमानपत्रात फोटोही आला, त्यात माझ्यापेक्षा शाल जास्त दिसत होती.

त्याच दिवशी मी हॉटेलात चहा पीत बसलो होतो, खांबाच्या आड. पलीकडे बबनशेठ एका परळीकडच्या व्यापाऱ्याला झापत होता.

"कावून बे, फुटलास का? ठरल्यापेक्षा वर दिलास त्या म्हाताऱ्याला?"

"न्हाई हो शेठ, म्या कुठं..."

"बोर्डावर नाव हाय तुजं! भाव हाय! आता लपून ऱ्हातंय व्हय? जोगदंड सराच्या कृपेनं समदं दिसतंय. परत असं केलास तं आमच्यात बसायचं न्हाई."

माझा चहा तिथेच थांबला. ओठापाशी. कारण हे सगळं मी पूर्वी ऐकलं होतं. कुठे? माझ्याच तोंडून! 'व्यापारी एकी करतात खरे, पण प्रत्येकाला गुपचूप जास्त भाव देऊन माल ओढायचा मोह होतो. म्हणून भाव गुप्त असले की एकी टिकत नाही. एकी टिकवायची तर फुटणारा पकडता आला पाहिजे.' दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शिकवतो मी हे!

अहो, ते उपरणंच तर मेंढपाळांची राखण करत होतं. उपरण्याखाली प्रत्येक व्यापारी दुसऱ्याला चोरून भाव वाढवत होता. आणि मी ते उपरणं ओढून काढलं. फुटणाऱ्याला पकडायची सोय मीच करून दिली, वर स्वतःचं नाव ऑइलपेंटने टाकून! या बाजारात संगनमत नव्हतंच. मी ते खडूने तयार केलं.

बाहेर आलो तर आश्विनी उभी. ती म्हणाली, "सर, तात्या येत्या शुक्रवारी बोकड आणतेत."

खोटं कशाला सांगू, मला रडू येईल असं वाटलं. या पोरीने तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी तिला पुस्तक आणि फील्ड यातला फरक शिकवला होता.

तडक सरपंचांकडे गेलो.

"आण्णा, तो बोर्ड काढून टाका."

"का हो सर?"

"तो बोर्ड म्हणजे माझी मोठी चूक आहे."

आण्णा शेजारच्या लोकांकडे वळून म्हणाले, "बगा! एवढा मोठा माणूस, पर गर्व न्हाई."

"आण्णा, मी खरंच सांगतोय. त्या बोर्डामुळे लोकांचं नुकसान होतंय."

"किती विनय! सर, तुमचं नाव आनखी मोठ्या अक्षरात काढू का?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नावापुढे 'आदर्श' लावायचं ठरवलं. मी पुन्हा गेलो नाही.

मग दगडूमामांना गाठलं. "मामा, या शुक्रवारी बोर्ड लिहू नका." मामा म्हणाले, "सर, सरपंचाचा हुकूम हाय. आन बोर्डावर नाव तुमचं. तुमच्या नावाला बट्टा लागंल असं काम माज्या हातून व्हायचं न्हाई."

शुक्रवार उजाडला. दिवस उगवायच्या सुमाराला मी बाजारात पोचलो, हातात खडू आणि पिशवी. ठरवूनच आलो होतो: लोकांसमोर कबूल करायचं, उघडपणे, लेखी. बोर्डाच्या काळ्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'या बोर्डामुळे बाजाराचा भाव पडला. व्यापाऱ्यांना एकी मी शिकवली. चूक माझी आहे. बोर्ड बंद करावा.' आणि बरोबर खाली, ऑइलपेंटने, सहीसारखं आयतं आलं: 'संकल्पना : मा. प्रा. जोगदंड सर'.

लिहून मागे सरलो आणि वाचलं. तेवढ्यात पहिला टेम्पो आला, त्यात बबनशेठ. आता हा वाचणार, हसणार, गावभर सांगणार! मी घाबरून पिशवीत हात घातला. पिशवीत काय, तर ती सत्काराची शाल. ड्रायक्लीनला द्यायला सौ.ने घातलेली. ती काढली आणि फर्रकन बोर्डावर टाकली, कडा तारेने बांधल्या.

आणि तिथे पुढची गंमत सुरू झाली.

तुम्हीच सांगा, आपल्याकडे बोर्डावर जरीची शाल टाकलेली असली म्हणजे त्याचा अर्थ काय? अनावरण! कुणीतरी मोठा माणूस येणार, दोरी ओढणार, टाळ्या वाजणार. त्याआधी शालीला बोट लावायची कुणाची छाती आहे?

दगडूमामा खडू घेऊन आले, शाल पाहिली, आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले. "सर, कोन येनार हाय?"

मी म्हणालो, "अं..."

"आलं लक्षात," मामा म्हणाले. "सांगायचं नसंल तं ऱ्हाऊ द्या."

दहा मिनिटांत सरपंच धावत आले. "सर, आमाला न विचारता कार्यक्रम? आमदारसाहेब येनार हायत का?" मी मान हलवली. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही, नुसतीच हलवली. आण्णांनी फोन लावायला सुरुवात केली.

बबनशेठ बोर्डापुढे दोनदा चकरा मारून गेला. "मामा, आजचं काय लिवनार का न्हाई?"

"अनावरन झाल्याबिगर हात लावनार न्हाई."

झालं! बोर्ड मुका झाला. बाजार भरला, मेंढपाळांनी उपरणी काढली, आणि हात उपरण्याखाली गेले. मी लांबून बघत होतो. पहिला तास सगळे व्यापारी ठरल्याप्रमाणे वागले असतील. पण दुसऱ्या तासाला चुळबूळ सुरू झाली. परळीकडचा तो व्यापारी इकडेतिकडे बघून एका म्हाताऱ्याच्या उपरण्यात जास्तच वेळ हात घालून बसला. मग दुसरा बसला. मग, अहो काय सांगू, खुद्द बबनशेठ! आभाळाकडे बघत, तोंडाने शीळ घालत, आणि उपरणं नुसतं हलतंय. स्वतःच्याच एकीला चोरून भाव देत होता गडी! आश्विनी माझ्याशेजारी उभी राहून वहीत लिहीत होती.

"सर, फुटले," ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या महिन्यातलं पहिलं हसू मी पाहिलं.

मारुतीतात्यांचे वीस बोकड दुपारी उठले. चार व्यापाऱ्यांचे हात उपरण्यातून गेले, पाचव्याला मान हलली. तात्यांनी फेटा नीट केला. त्यांचा फेटा तसा कधी वाकडा नसतो.

मला वाटलं, सुटलो. आता गर्दी पांगली की शाल काढायची, खडू पुसायचा, आणि घरी जायचं. कुणाला कळणारही नाही. पण सरपंच आण्णांचे फोन वाया जातात का? धुरळा उडवत तीन गाड्या आल्या. साहेब जवळच्या गावात लग्नाला निघाले होते, आण्णांनी रस्त्यातून वळवून आणले. हलगी वाजली. मी पुढे होऊन काही बोलणार, तर मला धरून साहेबांच्या शेजारी उभं केलं.

साहेबांनी शाल ओढली. टाळ्यांचा कडकडाट! आपल्याकडे आधी टाळ्या, मग वाचन. साहेबांना समोर लिहिलेलं वाचून दाखवायची सवय. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"या बोर्डामुळे बाजाराचा भाव पडला!"

पुन्हा टाळ्या.

"व्यापाऱ्यांना एकी मी शिकवली! चूक..." इथे आवाज जरा खाली आला. "चूक... माझी आहे."

या वेळी टाळ्या नाहीत. एक शेळी तेवढी ओरडली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "सरांनी फारच परखड विचार मांडले आहेत," म्हणाले आणि गाडीत बसले. लग्नाला उशीर होत होता म्हणे.

सरपंच माझ्याजवळ आले. "सर, आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तीन दिवस सांगत होतो!"

"आमाला वाटलं विनय हाय."

गाव हसलं. बबनशेठ तर पोट धरून हसला. मग एकदम गप्प झाला, कारण परळीवाला त्याच्या उपरण्याकडे बघत होता. मी मान खाली घालून निघालो, तर मारुतीतात्यांनी थांबवलं.

"सर, पोरगी जाईल संभाजीनगरला."

मी हात जोडले. म्हणालो, "तात्या, माझ्यामुळे नाही, माझ्या हातून सुटली म्हणून जाईल. पण बोकड गेले कितीला? आश्विनीच्या तक्त्यात तुमचाच सौदा सगळ्यात महत्त्वाचा आहे."

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. माझी ती लालभडक शाल उचलली, माझा हात धरला, शाल वरून टाकली, आणि आत माझी बोटं दाबली. एकदा सगळी, मग दोन, मग अंगठ्याने काहीतरी. मोठ्या विश्वासाने. दोन महिने हत्त्यावर संशोधन करणारा माणूस, त्याला काय सांगावं लागतं?

"कळलं ना?" तात्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हणालो.

काय कळलं? डोंबल!

आठ दिवसांनी आश्विनी तक्ता घेऊन आली. सगळे आकडे भरलेले, एकच जागा मोकळी. "सर, तात्या मनतेत तुमाला सांगितलंय. दुसरे कानात सांगतेत, पर तात्याचा नेम हाय, एकदा हत्त्यावर दिलेला भाव परत तोंडानं सांगायचा न्हाई. व्यापारीबी सांगंना. किती होता?"

आता पारदर्शकतेचा आमचा हा पुतळा काय म्हणाला असेल? मी चष्मा पुसला, खाकरलो आणि म्हणालो, "आश्विनी, संशोधनात गोपनीयता नावाची एक गोष्ट असते."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला सगळं कळतं हो! निमूटपणे मोकळ्या जागेखाली टीप लिहिली: 'सदर भाव मार्गदर्शकांकडे गोपनीय आहे.' विद्यापीठात तिला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, बाजारात संगनमत सुरू कुणी केलं? पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं, "आमच्या सरांनी." त्याचेही गुण मिळाले.

आता ती एम.ए. झाली, पुढचंही शिकते आहे. सुट्टीला आली की न चुकता घरी येते, पाया पडते आणि गालातल्या गालात हसत हात पुढे करते: "सर, आता तरी हत्ता शिकवू का?"

असो. अहो वेटर, किती झाले? नाही नाही, तोंडाने सांगा बाबा, बोटं दाखवू नका!